पळसवलीला वळसा

५ जानेवारी, रविवार

आजही पप्पा डावीकडेच वळले.

मोठ्या चिंचेपाशी वाट फुटते. सरळ गेलं की पंधरा-वीस मिनिटांत पळसवली. डावीकडची वाट काळू नदीच्या काठाने लांबलचक वळसा घालून पुढच्या गावाला निघते. काटे, चिखल, मध्येच कोणीतरी रातोरात आणून ओतलेला डेब्रिसचा ढीग. तरी इतकी वर्षं पप्पांची रविवारची इतिहास-भटकंती डावीकडूनच जाते.

वीसेक माणसं होती. डोंबिवलीची निवृत्त मंडळी, ठाण्याची दोन कॉलेजची मुलं, आणि विनीत नावाचा एक नवीन, ज्याचा एक हात मोबाइललाच चिकटलेला. आंबिवलीला उतरलो, मोहन्याच्या कारखान्याचं धुराडं पाठीमागे टाकलं आणि शेतात शिरलो. पप्पा अशा वेळी वेगळेच दिसतात. एरवी आमचा तिसरा मजला चढताना दोनदा थांबतात. इथे बांधावर टुणकन चढून उभे! ही जुनी वाट, कल्याण बंदरातला माल बैलांच्या पाठीवर लादून घाटाकडे निघायचा. या तळ्यावर बैल पाणी प्यायचे. हा वीरगळ, गुरं राखताना मेलेल्या कोणा गड्याचा. लोक माना डोलावतात. शंभरदा ऐकूनही मी डोलावते, कारण सांगतात छान.

विनीतने विचारलं, "सर, सरळ गेलं तर काय आहे?"

"काही नाही. शेतं."

काही नाही म्हणे! यांचं स्वतःचं गाव आहे ते. तिथे जन्मले, तिथल्या शाळेत शिकले. आणि मी एकतीस वर्षांची घोडी झाले तरी ते गाव पाहिलेलं नाही. आमच्या घरात 'मूळ गाव' या प्रश्नाला 'कल्याण तालुका' असं उत्तर असतं. लहानपणी वाटायचं, तालुक्यातच जन्मतात काही लोक.

जेवताना आईने विषय काढला. माझं लग्न तेवीस फेब्रुवारीला. पहिली पत्रिका कुलदेवाला ठेवायची, आणि देव पळसवलीत. पप्पांनी अर्ध्या भाकरीवरून उठून हात धुतले.

७ जानेवारी

पत्रिका आल्या. मरून रंग, सोनेरी अक्षरं. मला फिकट निळ्या हव्या होत्या, पण देवेशच्या घरच्यांना निळं म्हणजे कंपनीचं आमंत्रण वाटतं.

आई म्हणाली, "अहो, गावाला कधी जायचं?"
पप्पा म्हणाले, "टिटवाळ्याच्या गणपतीला ठेव. देव सगळे एकच."

हा माणूस आयुष्यभर लोकांना सांगत आला की प्रत्येक दगड वेगळा असतो, नीट बघा. आणि आता म्हणे देव सगळे एकच.

११ जानेवारी, शनिवार

बाळकुमला गेलेले, देवेशकडे. हळदीचं ठरवायला. त्यांच्या जुन्या घराच्या जागेवरच टॉवर झालाय, त्यात चौथ्या मजल्यावर सगळं मढवी खानदान. झोपाळा मात्र जुनाच, त्यावर आजी. शेजारी देवेशची काकी, समोर त्याचे बाबा.

आजींचं एकच टुमणं. "भटजी मागाहून. आधी धवला झाला पाह्यजे." आगरी लग्नात पूर्वी भटजी नसायचाच म्हणे. धवलारीण, म्हणजे धवले गाणारी बाई, तीच गाण्यातून सगळे विधी लावायची. तिने गायलं की लग्न लागलं. काकी म्हणाल्या, "आता कुठे मिळतात आई, सगळीकडे डीजे. पळसवलीला एक आहे ऐकलंय, शेवंतीबाय म्हणून. तिच्यासारखा गळा नाही म्हणतात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पळसवली? आमचं गाव!"

आजी खदखदून हसल्या. "पलसवलीची? गाढवाचे गावची काय गो?"

मला काही कळलं नाही. मीही हसले, बावळटासारखी. मग त्यांनी विचारलं, "कोनाची तू तिथली?" मी आजोबांचं नाव सांगितलं, सखाराम. आजींचं हसू थांबलं. देवेशचे बाबा उठले, म्हणाले पाण्याची मोटर बघून येतो, आणि आले ते थेट जेवायच्या वेळेला. आजींनी माझ्या ताटात सुकटीची चटणी वाढली आणि नंतर गावाचं नावही काढलं नाही.

परत येताना रिक्षात देवेशला विचारलं, गाढवाचं गाव म्हणजे काय? म्हणाला, आजीचं काय मनावर घेतेस. मनावर घेतलंच आहे.

१२ जानेवारी, रविवार

पप्पा भटकंतीला गेले. मी गेले नाही. आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि गॅस बंद केला. सांग म्हटलं.

आई जुन्नरकडची, लग्नानंतरच यांच्या घरात आलेली, त्यामुळे तिलाही ऐकीवच. पण सांगितलं सगळं.

पळसवलीच्या शिवेवर शिवदेव आहे. उभा दगड. वर सूर्य-चंद्र कोरलेले, बाकी शेंदूर. गावचं लग्न असो, बारसं असो, पहिला मान त्याचा. तोच आमचा कुलदेव. पप्पा एम. ए. करत होते त्या वर्षी गावाने देवाचा पार नवीन बांधायला काढला. खणल्यावर दगडाचा जमिनीखालचा भाग उघडा पडला. त्यावर गाढव आणि बाई. पप्पांना आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. गधेगाळ! शिलाहार राजांच्या काळी जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान टिकेल, आणि जो कोणी बळकावेल त्याच्या आईला ही शिवी. दगडात कोरलेली शिवीच ती. पप्पांनी पारावर माणसं जमवून समजावून सांगितलं. म्हातारे ऐकून घरी गेले. तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण पप्पांनी फोटोसकट पेपरात लिहिलं आणि पेपरवाल्यांनी मथळा दिला, 'गाढवाला नवस करणारे गाव'.

मग काय. पळसवलीचा माणूस स्टेशनावर उतरला की पोरं गाढवासारखी ओरडायची. बाजारात, बसमध्ये, जत्रेत. आणि पप्पांची धाकटी बहीण, शेवंती, तिचा साखरपुडा झालेला होता खाडीकडच्या कुठल्याशा गावात. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, गाढवाच्या गावची सून नको. हळद दळून तयार होती.

"म्हणून गावाने यांना काढलं?" मी विचारलं.

"कोणी नाही काढलं गं. हेच निघाले. परत फिरकले नाहीत. आईबाप गेले तेव्हा स्मशानात परस्पर जाऊन आले, घरात पाय नाही ठेवला."

मला आत्या आहे हे माहीत होतं. एका जुन्या फोटोत दोन वेण्या घातलेली, डोळे बारीक केलेली मुलगी. ती धवलारीण आहे, लोकांची लग्नं लावते, हे मला बाळकुमच्या झोपाळ्यावरून कळावं!

माझ्या लग्नात आत्याने गावं. दुसरं काही नको मला. हॉल नको, मरून पत्रिका नको.

१४ जानेवारी

संक्रांत. पप्पांना तिळगूळ दिला. घेतला. गोड काय, कडूही बोलले नाहीत.

१६ जानेवारी

लॅबमध्ये आज रक्त घेताना एका बाईची शीर दोनदा चुकली. माझ्या हातून असं होत नाही. मॅडम म्हणाल्या, लग्न आहे ना, होतं असं. लग्नाचं नाव पुढे केलं की सगळं खपतं.

घरी येऊन कपाट आवरलं. मग आवडलं नाही म्हणून परत काढलं.

१९ जानेवारी, रविवार

भांडण. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, इतकं.

मी म्हटलं, चला पळसवलीला. पप्पा म्हणाले, "मी खोटं काय बोललो होतो? गधेगाळ आहे तो. आजही आहे."

"खोटं बोललात असं कोण म्हणतंय? खरं बोललात ना, मग ताठ मानेने जा."

"तुला नाही कळायचं."

"कळेल असं सांगा. लोकांना तर बाराव्या शतकातलं समजावता."

यावर दूध आणतो म्हणून खाली गेले. फ्रीजमध्ये दोन पिशव्या होत्या.

मला राग याचा येतो की ते घाबरट नाहीत. एकदा मुरुमासाठी टेकडी खणणाऱ्या डंपरसमोर एकटे उभे राहिले होते, मी पाहिलंय. मग एका बाईच्या दारात जायला एवढी कसली भीती? आणि या महिन्यात जरा जास्तच. लग्न ठरल्यापासून झालंय हे. पूर्वी पळसवलीचं नाव निघालं तर निदान विषय बदलायचे, आता चेहराच बदलतो.

२६ जानेवारी, रविवार

मी आज वाईट वागले. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वागेन.

भटकंतीला सगळ्यांच्या पुढे मी. पप्पा नेहमीसारखे शेवटी, गुडघेदुखीवाल्या काकांसोबत. मी चिंचेपाशी आले आणि सरळ चालत सुटले. मागे न बघता. लोकांचं काय, पुढचा चालला की मागचे चालतात. गप्पा मारत अख्खा घोळका माझ्यामागे. पर्समध्ये पत्रिका. मागून हाक येईल वाटत होतं. आली नाही. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं तर पप्पा चिंचेखाली उभे. हात वर केला त्यांनी, जाऊन या असा. मग खाली बसले.

गाव असं काही खास नाही. अर्धी घरं स्लॅबची, अर्धी कौलारू, एक व्यायामशाळा, अंगणाअंगणांत वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या. शिवदेव वेशीवरच. त्याला आता ग्रॅनाइटचा ओटा, वर पत्र्याची शेड, चांदीचे डोळे. सूर्य-चंद्र शेंदरातून अंधुक दिसतात. खालचा अर्धा दगड ओट्यात पार बुजवून टाकलेला.

मंडळी जमली. पप्पा नाहीत, म्हणजे सांगायचं मी. ओट्यापाशी गावच्या चार-पाच बायका शेंगा सोलत बसलेल्या, त्याही बघायला लागल्या. मी म्हटलं, हा शिवदेव. सूर्य-चंद्र आहेत तोवर दिलेला शब्द टिकेल, असं सांगणारा दगड. बस. एवढंच. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पप्पांची मुलगी असून.

विनीत मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "म्हणजे गधेगाळ ना? मग खाली गाढव असेल."

मग बायकांतली एक, कपाळावर काही नाही, पांढरे केस घट्ट बांधलेले, डोळे बारीक करून म्हणाली, "हाय ना. खनतंस का? फावरा देतंय."

सगळे हसले, बायकाही. विनीत लाल झाला. मी त्या बारीक डोळ्यांकडे बघत राहिले. फोटोतले.

ग्रुपला गाव बघायला धाडलं आणि तिच्यासमोर बसले. "कोनची गो तू?" मी म्हटलं, रवींद्रची. कल्पिता. तिने शेंग सोलायची थांबवली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही नीट. तेवढ्यात उत्तमदादा आला, थोरल्या काकांचा मुलगा. काका आता नाहीत, आत्या याच्याच घरी राहते. त्याने पाणी आणलं, चहा ठेवायला सांगितला. भला माणूस.

मी पत्रिका काढली. आत्या म्हणाली, चष्मा घरान हाय, वाच. मी वाचली. आमचे येथे श्रीकृपेकरून, वगैरे वगैरे, बाळकुम येथील श्री. साईनाथ महिपत मढवी यांचे चिरंजीव देवेश.

"परत वाच."

परत वाचली. नावं जरा मोठ्याने, म्हटलं ऐकू कमी येत असेल.

तिने पत्रिका घेतली, पदराने पुसली, ओट्यावर शेंगांच्या बाजूला ठेवली. मी म्हटलं, आत्या, माझ्या लग्नात तू धवला गायचास. पप्पांवरचा तुझा राग मला माहीत आहे, त्या दगडावरून—

"दगराचा राग कोनाला गो?" आवाज चढवला नाही तिने. "दगर काय आज हाय, उद्या हाय. पुढचे वर्साला माझा लगीन झाला. बिजवर व्हता, पन मानूस चांगला. हलद लागली, मांडव भरला, सगला गाव आयला. भाऊ नाय आयला. मी वाटंकरं बघत बसलेली, हातान हलकुंड घेऊन. मना गाढव बोलले त्याचा काय नाय. भाऊ नाय आयला त्याचा हाय."

मी म्हटलं, ते तिकडे चिंचेखाली बसलेत, बोलावू का?

"आजपन आयला नाय, झाराखालीच बसलाय ना? बसू दे."

धवल्याचं ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उत्तमदादा वेशीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, आत्याचा नवरा पाच-सहा वर्षांतच गेला, मूल नाही, तेव्हापासून इकडेच. "सगल्यांची लग्ना लावते. सोताचा विषय काढत नाय."

पप्पा चिंचेखालीच होते. डबा उघडलेला नव्हता.

"कोण भेटलं?"
"आत्या. पत्रिका दिली."
"वाचली तिने?"
"मीच वाचून दाखवली. दोनदा."

ते उठता उठता परत बसले. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत.

२७ जानेवारी

पप्पांनी पुढच्या दोन रविवारच्या भटकंत्या रद्द केल्या. कारण लिहिलं, लग्नाची धावपळ. आमच्याकडे धावपळ काय तर मी एकटी घरभर फिरतेय.

३० जानेवारी

देवेशचा फोन. त्याचे बाबाही गप्प गप्प आहेत म्हणे. दोन्हीकडचे बाप गप्प. मुलीचा बाप गप्प असतो ते समजतं, मुलाच्या बापाला काय झालं?

२ फेब्रुवारी, रविवार

आता कळलं.

सकाळी पप्पा गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. कुंडीतून पाणी वाहून खालच्या वाळवणावर पडलं तरी घालतच होते. मी तांब्या काढून घेतला. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवंतीचं बाळकुमला ठरलं होतं."

मी म्हटलं, बरं मग?

"मढव्यांकडे. साईनाथशी."

मला दोन मिनिटं लागली. साईनाथ म्हणजे देवेशचे बाबा. त्या झोपाळ्यावरच्या आजींनीच निरोप धाडला होता, गाढवाच्या गावची सून नको म्हणून. मी ज्या घरात जाणार आहे ते घर.

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"ते पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हाच. मी विचारलं नव्हतं का, वडिलांचं नाव परत सांगा म्हणून?"

विचारलं होतं. मला वाटलं जुनी मास्तरकीची सवय, हजेरी घेतायत. गाव विचारलं तर 'कल्याण तालुका' म्हणून मोकळे झाले. मी किंचाळले, सांगितलं का नाही मला?

म्हणाले, "तू किती खूश होतीस. माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्याने घरातलं एक लग्न मोडलं. दुसरं मोडायचं नव्हतं मला." मग, "शेवंतीकडे मी याआधीही गेलो नाही, ती माझी लाज. पण आता कोणत्या तोंडाने जाऊ? तुला ज्यांनी नाकारलं त्यांच्याच घरी मुलगी देतोय, तू येऊन गा, असं सांगू?"

आणि मी ते नाव तिच्यासमोर दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. पत्रिका पदराने पुसून ठेवली तिने.

दिवसभर काही खाल्लं नाही. आई दार वाजवून गेली. मला कोणाचाच राग धड करता येत नाही, पप्पांचा करायला गेले की रडू येतं.

४ फेब्रुवारी

देवेशला ठाण्याच्या तलावपाळीवर बोलावलं. सगळं सांगितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो खोटं बोलला की कान लाल होतात, झाले नाहीत. घरी जाऊन बाबांना विचारून त्याने संध्याकाळी फोन केला. बाबा म्हणाले म्हणे, "आई बोलली, मी ऐकलं. तेव्हा ऐकायचीच पद्धत होती." एवढंच.

देवेश म्हणाला, तू म्हणशील ते. थांबवायचं तर थांबवू.

मला हे 'तू म्हणशील ते' नको असतं. पण तो आजीशीही भांडला, आता तिच्याशी बोलत नाहीये. ती फक्त म्हणाली, "तेव्हा सगलेच हसत व्हते, मी एकलीच काय?"

लग्न करायचंय मला. त्याच्याशीच. आत्याच्या छातीवर पाय देऊन नाही. या दोन वाक्यांमध्ये परवापासून येरझारा चालू आहेत.

८ फेब्रुवारी

पप्पा आईला म्हणाले, उद्या लवकर उठव. कशाला ते सांगितलं नाही. बूट पुसून ठेवलेत.

९ फेब्रुवारी, रविवार

मी आणि पप्पा, दोघंच. तळं आलं, बैलांचं काही सांगितलं नाही. वीरगळ आला, थांबले नाहीत. चिंच आली. मी बाजूला झाले, पुढे त्यांनीच जायचं म्हणून. गेले. चालताना सारखे खिशातून रुमाल काढत होते, परत ठेवत होते.

गावात शिरल्यावर एक म्हातारा म्हणाला, "रवी का रं?" पप्पांनी मान हलवली. तो म्हणाला, "केस गेलं सगलं." आणि चालू पडला. इतक्या वर्षांचा धसका तो एवढ्यासाठी! कोणी दगड घेऊन उभं नव्हतं. कोणाला आठवणही असेल की नाही कोण जाणे.

आत्या अंगणात सुपात वाल निवडत बसलेली. पप्पा दोन हात लांब उभे राहिले. "शेवंती," म्हणाले.

तिने वर पाहिलं. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो ना, तेच धरून बोलली. "कान पिलायला आयलास? उशीर झाला. ज्याचा पिलाचा व्हता तो गेला."

पप्पा तिथेच मातीत खाली बसले. पांढऱ्या पँटसकट. मला वाटलं चक्कर आली, मी धावणार होते, पण उत्तमदादाने माझा हात धरला.

ते म्हणाले, "पोरीला साईनाथच्या घरी देतोय. आधी तुला येऊन सांगायला हवं होतं मी."

"पोरीनं सांगला. वाचून." मग मला म्हणाली, "तू काय उभी? जा, देवाला पत्रिका ठेवून ये. तीच ठेव, माझी. मना पाठ झालीय."

गेले. शिवदेवाच्या ओट्यावर पत्रिका ठेवली, नारळ वाढवला. काय मागायचं सुचेना. परत आले तर दोघं समोरासमोर. आत्याने अर्धे वाल दुसऱ्या सुपात काढून पप्पांपुढे सरकवलेले, पप्पा निवडतायत. खडे एकीकडे, किडके एकीकडे. मध्येच आत्याने त्यांच्या सुपातला एक किडका उचलून बाहेर टाकला, बघ म्हणून. असे दुपारपर्यंत बसले होते. मी आणि उत्तमदादाची बायको दारातून बघत होतो, आणि आम्ही दोघी उगाचच डोळे पुसत होतो.

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. निघताना मी धीर करून विचारलं, आत्या, हळदीला? म्हणाली, "सांगन."

ट्रेनमध्ये पप्पा खिडकीशी. पँटला माती तशीच. मी झटकायला गेले तर म्हणाले, राहू दे.

११ फेब्रुवारी

निरोप नाही. फोन वाजला की मी उडते. एकदा पार्लरवाली, एकदा केटरर. केटररने विचारलं, मॅडम, वेलकम ड्रिंक कोकम की लिंबू? मी म्हटलं सांगेन. आत्याचीच भाची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तमदादाचा फोन आला. आमच्या हळदीला आत्या तिच्या हाताखाली तयार झालेली मुलगी पाठवतेय. ती स्वतः बाळकुमला जाणार, मढव्यांच्या मांडवात, नवऱ्यामुलाची हळद लावायला. तिला न्यायला भावानेच यायचं, दुसरा कोणी चालणार नाही. आजींना तिने परस्पर कळवून टाकलंय: धवलारीण दारात आली की घरातल्या थोरल्या बाईने तिचे पाय धुऊन तिला आत घ्यायचं असतं, पाणी कोमट ठेवा.

देवेश म्हणाला, आजी सकाळपासून पितळेची परात घासत बसलीये.